शनिवारचा शेंगांचा तास

शाळा समितीचे सन्माननीय अध्यक्ष सर्जेराव आबा, आदरणीय मुख्याध्यापक सर, आजच्या सत्कारमूर्ती संजीवनीबाई, समोर बसलेले आपल्या सुपे गावातले सर्व पालक, आणि मागं भिंतीला टेकून उभे राहिलेले माझे मित्र (तुम्ही माझी फजिती बघायला आलाय, ठाऊक आहे मला),

ज्या शनिवारी याच शाळेच्या वर्गात बाईंनी माझ्यापुढं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेली पाटी सरकवली, त्या शनिवारी माझं सगळं बदललं. बारामतीचं कॉलेज मी अर्ध्यात सोडून आलो होतो. का सोडलं, ते अख्ख्या सुप्याला माहीत आहे. जिच्यापायी सोडलं, तिचं लग्न इंदापूरला झालं. अजून इंदापूरची एस.टी. दिसली की मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागतो. असो! त्या दिवशी पुतणीच्या दाखल्यावरून मी शाळेच्या कारकुनाशी भांडत होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्ञानेश, भांडून झालं असेल तर बस. शेंगा फोड."

बाईंची रीत आपण सारे जाणताच. शनिवारचा शेवटचा तास. पुस्तकं मिटायची, गोल करून बसायचं, शेंगा फोडायच्या. कुणाला काही विचारायचं नाही. हात गुंतले की पोरं आपणहून बोलतात. कुणाला बापाच्या ओरडण्याची भीती, कुणाला वर्गातली पोरं चिडवतात. बाई फक्त "मग?" म्हणतात. दाणे शेवटी पोरांच्याच पोटात जातात, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या स्नेहसंमेलनात तिसरीतल्या करुणाला शिस्तीचा कप मिळाला. आबा, आपल्याच हस्ते. टाळ्या आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. पोरगी दिवाळीपासून चकार शब्द बोलत नव्हती. गप्प पोराला आपण शहाणं म्हणतो, नाही का? टाळी वाजवली नाही ती एकट्या बाईंनी. दुसऱ्या दिवशी त्या करुणाच्या आजीच्या दारात. बनाबाई समोरच बसल्यात, त्यांची माफी मागून सांगतो.

"लहान पोरांना कसलं आलंय मन, बाई? खाऊनपिऊन चांगली हाय की."

"बनाबाई, कोंबडीचं पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात गप बसलं, तर शहाणं झालं म्हणता का?"

"छ्या! त्याला कायतरी रोग लागला म्हनायचं…" आणि बनाबाईंनी आपल्याच तोंडावर पदर धरला. आत्ता धरलाय, तसाच!

पुढं एका शनिवारी, शेंगेवरची नजर न काढता, करुणा पुटपुटली, "मी दुधाची चरवी सांडली. म्हनून आई गेली."

आई गेली होती घरातल्या मोठ्यांच्या भांडणापायी, माहेरी इंदापूरला. पोरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग तिनं आपला न्याय आपणच करून टाकला. बाईंनी आजी-नातीला इंदापूरला धाडलं, आणि सोबतीला मला!

"बाई, दुसरं कुणी नाही का?"

"तुलाच तो रस्ता जड जातो ना? मग तूच जा."

आईनं दारातच पोरीला पोटाशी धरलं. "येडे, चरवीपायी कुणी घर सोडतं व्हय?" करुणा अशी रडली की गल्ली गोळा झाली. येताना तिनं बारामतीपर्यंत कंडक्टरला भंडावून सोडलं. आई परतायला पुढं बराच काळ लागला. पण पोरगी त्याआधीच परत आली होती. नंतर बनाबाई तक्रार घेऊन शाळेत हजर. "बाई, आता ती उलट बोलती मला!" बाई म्हणाल्या, "मग पेढे आणा की."

मंडळी, माझ्यापुढं ती पाटी आली विसाव्या वर्षी, करुणापुढं आठव्या. मधल्या वर्षांत माणूस काय काय स्वतःवर ओढून घेतो, ते मला विचारा. मोठेपणी मन मोडलं की पुण्याचा डॉक्टर गाठायचा, तोही लपतछपत, लोक वेडा म्हणतील म्हणून. टिक्क्याचा रोग पानभर पसरल्यावर भुईमुगावर फवारा मारून काय हाती लागतं? हे शेतकऱ्यांच्या गावाला मी सांगावं?

आबा, आपण आत्ताच जाहीर केलंत, की बाई निवृत्त झाल्या, आता शनिवारच्या तासाला स्कॉलरशिपचं जादा गणित. आबा मला 'आवर' म्हणून खुणावतायत. आवरतो! आपला मान राखून एवढंच विचारतो, मनात चरवी सांडलेल्या पोराला गणित सुटेल का? बाईंना शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. त्यांचा तास मात्र काढून घेताय. हा कसला सत्कार?

बाई, तुम्ही भाषणात आमचे आभार मानाल, म्हणून आधीच सांगतो, आभार आमच्याकडून. संयोजकांनी माझ्यासारख्याच्या हाती माइक दिला, त्यांचेही. आवाज चढला असेल, थोरांपुढं जीभ सैल सुटली असेल, तर लेकरू समजून पोटात घाला.

आज शनिवार आहे. या समारंभापायी पोरं पलीकडच्या वर्गात ताटकळत बसलीत, शेंगा पुढ्यात घेऊन. वेळापत्रकात तास अजून तरी त्यांचाच आहे. मी त्यांच्यात जाऊन बसतोय. आबा, निर्णय कायम करण्याआधी तुम्हीही या, पण फेटा काढून, खाली मांडी घालून. आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका. तिकडं एखादं पोर नुकतंच बोलायला लागलं असेल. जाताना या हॉलचं दार मी बाहेरून ओढून घेतो.