गाळातली करडगी

विश्वास कुणावर ठेवावा माणसानं, तुम्हीच सांगा मॅडम — पोलिसांच्या पंचनाम्यावर, का तुमच्या हातातल्या ह्या पिशवीवर? चहा घ्या, निवून राहिला. हाव, पिशवी माझीच. ‘गुरुपादप्पा किराणा, जुना मोंढा, नांदेड’ — फोन नंबर बी छापलाय, म्हणून तर नदीतलं प्लास्टिक मोजता मोजता तुम्ही इथवर आलात. एकदा पावसात हदगावचं एक गिऱ्हाईक ही डोक्यावर घालून एस्टीत बसलं — फुकटात माझं नाव तालुकाभर फिरलं, लई हसलो होतो आम्ही दोघं भाऊ. पण ही पार आंध्राकडं, यानमला, गोदावरीच्या तोंडाशी सापडली म्हणता? झाडाच्या मुळ्यांत, चिखलात?

ते मघाचं पुन्हा सांगा — थांबा, मीच सांगतो, बरोबर हाय का बघा. नदी समुद्राला भिडती तिथं गोडं पाणी वरून बाहेर जातं, खारं पाणी जड, ते खालून आत शिरतं. हलकं असंल ते वरच्यावर समुद्रात. चिखल बसून जड झालं की खाली जातं, भरतीसंगं मागं येतं, गाळात रुतून बसतं, वर्षानुवर्षं. हेच ना? मग माझा विरूपाक्ष — धाकटा भाऊ, मागच्या भादव्यात गोदावरीत गेला, हाती लागला न्हाई — त्याच्या गळ्यात करडगी होती, चांदीची डबी, आत इष्टलिंग. चांदी जड, मॅडम. ती तुमच्या गाळातच असंल. काय? मधी इतकी धरणं हायेत, अडकली असंल? मग चौदा गोण्यांतली ही पिशवी कशी पार झाली?

चौदाच कशावरून म्हणजे? मोजून दिल्या ना मी —

बसा. बसा जरा. पंचनाम्यात लिहिलंय, पूर बघताना पाय घसरला. मीच सांगितलं तसं. महापालिकेचं पथक बंदी आलेल्या पातळ प्लास्टिक पिशव्या धरून राहिलं होतं, दोन दुकानं पलीकडं आलं होतं. मी म्हणलं, विरू, टेम्पो काढ, सगळा माल नदीत टाक, पाण्यात कोण शोधतंय. तो म्हणला, अण्णा, पाणी लई हाय. मी म्हणलं, लई हाय म्हणून तर.

आमच्या लिंगायतांत जाळत न्हाईत, पुरतात — बसवून, हातात लिंग देऊन. आमच्या आईनं, कमलम्मानं, उमरीच्या शेतात खड्डा घेऊन ठेवलाय. वर्ष झालं, बुजवू देत न्हाई. पावसानं भरला की स्वतः तांब्यानं उपसती. काही बी आणा मॅडम — डबी न्हाई तर झाकण आणा, नुसती साखळी आणा. तुम्ही गाळ चाळता ना? चाळणीत राहील की. मी येतो चाळायला, पगार नको.

पिशवी? न्हाई, घेऊन जा, तुमच्या मोजणीतली हाय ती. फक्त वहीत ‘वाहून आली’ असं लिहू नका. ‘फेकली’ लिहा. कुणी फेकायला लावली ते बी लिहा. निघा आता, आईची पूजा आटपत आली — तिच्यासमोर मला बोलता यायचं न्हाई. तुमचा हिशेब तेवढा खरा ठेवा.