पद्मजाकाकूंचा कढीपत्ता

नाही, पण मला सांगा, मुलांना जबाबदारी शिकवायची तर त्यात आईनं नक्की किती वेळा वाकायचं? कंबर गेली हो माझी... एकदा पिंजऱ्याशी, एकदा कुंडीशी, आणि मधल्या वेळात मोजे उचलायला. आणि बोलणार कुणाला? कल्पना माझीच!

म्हणजे झालं काय, हिमानी अकराची, अथर्व नऊचा, आणि दूध पिऊन झालं की ग्लास आपोआप सिंकमध्ये जातो अशी दोघांची ठाम समजूत. मी गिरीशला म्हटलं, यांच्या हातात काहीतरी जिवंत द्यायला हवं. तर हिमानीला गिनीपिग आणला, बिस्किट नावाचा. अथर्वला एखादं रोप द्यावं, तर अमेरिकेतल्या आमच्या या डब्लिनमध्ये नोव्हेंबरात अंगणात फावडं मारलं तर फावडंच वाकेल... तेवढ्यात पद्मजाकाकूंचा फोन.

काकू म्हणजे आमच्याकडच्या रिटायर्ड डॉक्टर. थंडी सुरू झाली की चार महिने मुलाकडे, तिकडे वाळवंटातल्या उबदार चँडलरला. आणि त्यांचा कढीपत्ता... तुम्हाला सांगते, बारा वर्षांचा, माझ्या खांद्याला लागणारा, आमच्या अर्ध्या मराठी मंडळाची फोडणी त्या एका झाडावर. "यंदा तुझ्याकडे ठेवू का गं? सांभाळशील ना?" मी म्हटलं, मी कशाला, अथर्व सांभाळेल, तेवढीच जबाबदारी येईल त्याला. काकूंनी दोनदा विचारलं, "अथर्व?" तिथेच कळायला हवं होतं मला.

गिरीश म्हणाला, प्रोसेस बसवायला पाहिजे यार. एक्सेलमध्ये चार्ट केला, ऑफिसातून लॅमिनेट करून आणला, फ्रिजवर लावला. काम केलं की एक चांदणी चिकटवायची. पहिला आठवडा काय वर्णावा, अथर्व झाडाला गुड नाइट म्हणत होता! दुसऱ्या आठवड्यापासून... अथर्व, पाणी घातलंस? "इन अ मिनिट, मॉम." हिमानी, पिंजरा? "इन अ मिनिट!" हे मिनिट कुठल्या घड्याळातलं असतं हो? तोवर फ्रिजचं दार वाजलं की बिस्किट लेट्यूससाठी वीऽक वीऽक करून घर डोक्यावर घेतंय. मग उठतं कोण?

आणि चार्ट बघावा तर चांदण्यांनी गच्च. मी म्हटलं, अथर्व, पाणी मी घातलं, चांदणी तुझी कशी? तर म्हणतो कसा, "बट आय रिमाइंडेड यू." आणि गिरीश कौतुकानं म्हणतो, बघ, डेलिगेट करायला शिकला.

त्यात रोज कामावरून आलं की आन्सरिंग मशीनचा लाल दिवा. "पद्मजा बोलतेय. पानांच्या मागे चिकट काही नाही ना? दारापाशी ठेवू नकोस, गार वारा लागतो त्याला." स्वतः तिकडे ऊन खात बसलेल्या! मी उलट फोन करून सांगायची, मस्त आहे काकू, अथर्व जिवापाड जपतो... आणि अथर्व? गेमबॉयवर.

शेवटी मी डोकं चालवलं. एका फेरीत दोन्ही उरकावं म्हणून पिंजरा उचलला आणि कढीपत्त्याशेजारी नेऊन ठेवला. प्रोसेस! फेब्रुवारीत बर्फ पडला, शाळा बंद, रस्ते बंद, लेट्यूस संपलेलं. मी पिंजरा साफ करायला दार उघडलं आणि ऑफिसचा कॉन्फरन्स कॉल आला. हिमानी मागून सांगत होती, मॉम, पिंजऱ्याचं दार... तर मी काय म्हणाले असेन?

"एक मिनिट गं."

चाळीस मिनिटांनी आले तर भुशाच्या पिशवीवर चढून बिस्किट थेट कुंडीत. खालची पानं साफ, आणि खोडाची साल कुरतडलेली... गोल, चहूबाजूंनी. आठवड्याभरात उरलीसुरली पानंही गळली. राहिली ती काठी.

आता काकूंना सांगायचं कसं? मी ठरवलं, उद्या सांगू. मग परवा. मग वीकेंडला. तीन आठवडे मशीन बोलत होतं आणि मी, चाळिशी उलटलेली बाई, बूट न काढता ऐकत उभी राहत होते. आणि एके दिवशी फोन वाजला, मी नको नको म्हणेपर्यंत अथर्वनं उचलला. "काकू, बिस्किटनं तुमचं झाड खाल्लं. आय ॲम सॉरी. मॉम तुम्हाला घाबरते." ठेवला फोन, फ्रिजपाशी गेला, स्वतःला एक चांदणी चिकटवली.

मार्चअखेर काकू आल्या. थेट कुंडीकडे गेल्या. खाली बसल्या, बोटानं माती चाचपली, म्हणाल्या, "ओली कशी? पाणी कोण घालतंय याला?"

मी तर केव्हाच थांबवलं होतं हो. काठीला कोण पाणी घालेल? दारातून अथर्व म्हणाला, "मी. बिस्किटनं खाल्लं तेव्हापासून, रोज. कुणी स्टॉप म्हणालं नाही."

काकूंनी माती जरा बाजूला केली, तर मुळाशी हिरवा कोंब. करंगळीच्या नखाएवढा! काकूंनी चष्मा पुसला, कुंडी अथर्वकडे सरकवली. "हे आता तुझं. आईच्या हातात द्यायचं नाही."

झालं. दीड वर्ष झालं त्याला. झाड वर अथर्वच्या खोलीत, कमरेएवढं आलंय, आणि तोडायचं तर अथर्वची परवानगी लागते... काकूंची ऑर्डर! आत्ता आमटीचं तेल तापलंय, मोहरी तडतडून काळी पडायला आलीय, मी खालून ओरडतेय, अथर्व, चार पानं दे रे!

वरून काय आलं असेल?

"इन अ मिनिट, मॉम."

गॅस बारीक करून उभी आहे.