डोक्यावरची टाकी

ताई : शाळेच्या या तळघरातच ठेवलं होतंस ना तुझं यंत्र?

धाकटा : इथेच. आत हवा काढून टाकलेली नळी असते, तिच्यात एक आरसा पडतो. तो किती जोरात पडतो ते मोजायचं. जमीन खचली की आपण पृथ्वीच्या मध्याच्या जवळ जातो, तिची ओढ वाढते, आरसा किंचित जास्त जोरात पडतो.

ताई : आणि तेवढ्यावरून आपली अख्खी गल्ली रिकामी केलीत.

धाकटा : भिंतींना तडे आधीच होते, ताई. माझ्या आकड्यानं शिक्कामोर्तब झालं. वर्षभराच्या अंतरानं दोनदा मोजलं. घड्याळ तपासलं, हवेचा दाब, चंद्राची ओढ, सगळं वजा केलं. चुकीला जागाच ठेवली नाही.

ताई : बरं बाबा. भांडायला नाही आले मी, वर्गातले नकाशे न्यायला आलेय. ती ओल बघ, टाकी पाडली तरी वाळली नाही.

धाकटा : कुठली टाकी?

ताई : सिमेंटची, ही एवढी मोठी. या तळघराच्या छतावर, म्हणजे वरच्या अंगणात होती की. गळायला लागली म्हणून उन्हाळ्यात पाडली.

धाकटा : म्हणजे मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा होती?

ताई : काठोकाठ भरलेली असायची. का रे? पांढराफटक पडलास. बस खाली.

धाकटा : पाण्यालाही ओढ असते, ताई. एवढं पाणी डोक्यावर असलं की ते आरशाला वर ओढतं. थोडंसंच, पण आम्ही मोजतो तो फरकही थोडासाच असतो. टाकी गेली, आरसा जोरात पडला, आणि मी लिहून दिलं, जमीन खचतेय.

ताई : मग खचत नाहीये?

धाकटा : माझ्या आकड्यावरून तरी तसं म्हणता येत नाही. (खाली बसत) विहिरी, गटारं, जुन्या खाणी, खाली काय काय आहे ते सगळ्यांना विचारलं. वर काय आहे, ते नाही विचारलं.

ताई : आई त्या भाड्याच्या खोलीत रोज विचारते, घरी कधी जायचं. मी सांगते, छोटूनं मोजलंय, तो चुकायचा नाही.

धाकटा : नको ना, ताई. नोकरी तर जाईलच. तोंड कुठे दाखवू मी?

ताई : ते नंतर बघू. बाहेर गल्लीतली घरं पाडायचं काम चालू आहे, ऐकू येत नाही का तुला?

धाकटा : आपलं घर?

ताई : आपलं सकाळीच पाडलं. काकूंचं अजून उभं आहे. ऊठ, थांबव त्यांना.