पाचवीचं लोखंड

(आष्टीजवळच्या एका वस्तीवर, दिवेलागणीला. पाच दिवसांच्या लेकीची पाचवी मांडली आहे.)

अंजना : न्हाई म्हंजी न्हाई, आत्या. आधी तो कोयता उचला तिच्या उशाचा.

केसरबाई : अगं सूनबाई, पाचवीला उशाला लोखंड लागतंय. आज सटवाई येती, नशीब लिव्हती. कोरा कागद ठिवला, पेन ठिवला, मंग लोखंड नगं?

अंजना : लोखंड ठिवा की. कोयता नगं. सटवाईनं बघितला तर तेच लिव्हून जाईल.

केसरबाई : काय तरीच तुझं! माझ्या उशाला कोयताच होता. ह्या आसारामच्या बी.

अंजना : माझ्या बी. माझी आई तर उसाच्या फडातच बाळंत झालती, तोडणी चालू असताना. मंग बघा, तिघांच्या हातात काय आलं? मी चौथीपस्तोर शिकले, ते बी दरसाल दिवाळीला दप्तर खुंटीला टांगून.

आसाराम : माय, मी काय म्हणतो, सायकलचा पाना ठिवू का?

केसरबाई : तू गप कुलपाला तेल घाल. गेल्या साली सहा म्हैन्यांनी फडावरनं आलो तर उघडता उघडंना.

आसाराम : घालायलोय की.

केसरबाई : आन् बाळाच्या वाटीतलं नगं घेऊ, मालिशचं हाय ते. म्हणं पाना! नात काय जल्मभर पंक्चर काढत बसल व्हय?

आसाराम : बरं, तुझा अडकित्ता?

अंजना : मंग पान खाऊन पिचकाऱ्या मारील, आत्यावानी.

केसरबाई : मार टोमणे, मार. बाळंतीण हाय म्हणून ऐकून घेते. टँकरच्या दोन घागरी मायलेकीला न्हाऊ घालण्यात गेल्या, मी आपली ओल्या फडक्यानं तोंड पुसून बसले.

आसाराम : खुरपं?

अंजना : न्हाई.

आसाराम : तवा?

अंजना : तवा तर अजिबात न्हाई.

आसाराम : शाळेत बी गेलतो मी. म्हणलं, घंटेवर मारायचा लोखंडी टोल द्या एका रातीपुरता. शिपाई आश्रुबा पोट धरून हसला. दिवाळीची सुट्टी हाय म्हणला, चावी गुरुजीकडं आन् गुरुजी बीडला.

अंजना : खरंच गेलता तुमी?

आसाराम : मंग? तीन दिवस झाले, माझ्याशी धड बोलली न्हाईस. म्हणलं, त्या घंटेपायी तरी बोलशील.

केसरबाई : कावून रं? काय केलंस तिला?

अंजना : इचारा त्यांनाच.

आसाराम : आप्पाराव मुकादम आलता, माय. बारसं झालं की तिसऱ्या दिवशी ट्रक येणार, कारखान्यावर जायला. जोडीनंच या म्हणतोय. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याचा अर्धा कोयता त्याला नगं. मी व्हय म्हणलो.

केसरबाई : पंधरा दिवसांची बाळंतीण फडात? आन् मला आज सांगतोस?

आसाराम : मंग काय करू? ज्वारी वीतभर आली आन् करपली. म्हैस चाऱ्यासाठी सरकारी छावणीत बांधलीय. गेल्याबिगर चूल पेटती का?

अंजना : मी कामाला भेत न्हाई, आत्या. गेल्या साली उलट्या व्हायच्या, तरी मोळ्या वाहिल्या. तुमी बघितलंय. पर हिला पाचटावर निजवायचं, त्या थंडीत... लई भ्या वाटतंय मला.

केसरबाई : दे तो कोयता इकडं.

आसाराम : कशाला?

केसरबाई : धार बघते. दोन सालं झाली, फडावरच्या झोपडीत, कोपीवर, नुसत्या भाकरी थापायलेय तुमच्यासाठी. हात शिवशिवायलेत. आप्पारावला सांग, जोडी येतीय. मायलेकाची.

आसाराम : आन् तुझे गुडघे?

केसरबाई : टँकरमागं पळून बी दुखत्यातच की. तिकडं पाटाला पाणी तरी असंल. आन् पंचेचाळिशीची बाई म्हातारी असती व्हय रं? तुझा बाप होता तवा त्याच्या दोन सऱ्या पुढं असायची मी.

आसाराम : आन् भाकरी?

केसरबाई : त्या तू थापायच्या. शीक जरा.

अंजना : आत्या... अवो, मी इथं एकली...

केसरबाई : एकली कशी? ही हाय की. शेजारी गीताबाई हाय, रातच्याला येईल सोबतीला. म्हैस छावणीतनं आली की दूध डेअरीत घालायचं, सोसायटीत आपलं नाव हायच. आन् आता डोळे पूस. पाचवीला बाळंतिणीनं रडू न्हाई.

अंजना : रडत न्हाई मी.

केसरबाई : ते दिसायलंय.

आसाराम : पर माय, उशाला लोखंड?

केसरबाई : ते तुझ्या हातातलं दे.

आसाराम : हे? हे तर दाराचं कुलूप हाय!

केसरबाई : लोखंडच हाय ना? तेल पूस त्याचं आन् ठिव नातीच्या उशाला.

अंजना : मंग दाराला काय लावायचं, आत्या?

केसरबाई : दाराला कशाला? यंदा घरात माणसं हायती की.