लाईन का तुटते

अरे, लाईन तुटण्याचं मला नका सांगू! आमच्या कोचिंग क्लासचा मेन कॉम्प्युटर लातूरच्या ऑफिसात, अन् आम्ही नांदेडहून रिमोटवर त्याच्यात काम करायचो. ऐन ॲडमिशनच्या गर्दीत कनेक्शन कधीही तुटून राहिलं. वायर बदलली, राउटर बदलला. शेवटी मीच लातूरला जाऊन बसलो.

दुपारी रस्त्यावरून वाळूचा टिप्पर गेला, खिडक्या थरथरल्या. आमचे क्लार्क शिंदेकाका त्र्याण्णवच्या भूकंपातून वाचलेले. ते ताडकन उठले, मेन स्विच बंद केला अन् मला दंडाला धरून थेट बाहेर!

"काका, टिप्पर होता तो!"

"हाव, टिप्परच हाय. पण ते बाहेर आल्यावरच कळतंय की!"

आता लाईन गेली की आम्ही नांदेडात चहा ठेवतो. काका आत गेले की येते.