आधी पोहोचेल त्याचा चहा

सायकलचे फायदे मला नका सांगू! शनिवार पेठेतून हडपसरला मी रोज सायकलने जातो आणि ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोहोचतो. आता आमच्याकडचा नियम असा, की जो आधी येईल त्याने सगळ्यांचा चहा टाकायचा. म्हणजे पातेलं रोज माझ्याच हातात. चहा उकळला रे उकळला, की बाकीचे एकेक करून हजर. "काय ट्रॅफिक हो!" म्हणत कप उचलायचे. मला आपलं वाटायचं, गाडीवाल्यांना कसं हरवलं!

परवा वाटेत सायकल पंक्चर झाली. ढकलत ढकलत, घामाघूम होऊन पोहोचलो. म्हटलं, चला, आज तरी आयता चहा मिळेल. पार्किंगमध्ये शिरतो तर काय, सगळ्यांच्या गाड्या ओळीने उभ्या, आणि सगळे आपापल्या गाडीतच बसलेले! कुणी मोबाइल बघतंय, कुणी चक्क घोरतंय. वर जायला एकही तयार नाही.

अकाउंट्सच्या देशपांडे बाईंनी मला पाहिलं आणि काच जराशी खाली केली.

"अहो, किती हा उशीर! तुम्ही चहा टाकल्याशिवाय आमचं ट्रॅफिक सुटणार कसं?"