डाव्या हाताचा कॉम्प्युटर

नाही, मला एक सांगा, जी वस्तू चालतेय ती बदलायची कशासाठी? पंखा फिरतोय तोवर आपण पंखा बदलतो का? चष्म्यातून दिसतंय तोवर... बरं, चष्मा सोडा, तो बदलतात. पण कॉम्प्युटर! बारा वर्षं झाली, सकाळी चालू केला की थोडा कण्हतो, कुरकुरतो, मी चहा घेऊन येईपर्यंत कामाला तयार! माझंही सकाळी तसंच होतं, मी त्याला काही बोललोय कधी? पण गेले सहा महिने पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येऊन बसतो. 'तुमची प्रणाली जुनी झाली आहे.' अहो, सकाळी सकाळी! तोंडावर! 'अमुक तारखेनंतर आम्ही तुमची काळजी घेणार नाही.' म्हणजे आत्तापर्यंत घेत होतात? मला कुणी सांगितलं नाही ते! खाली दोन बटणं, 'आत्ता बदला' आणि 'नंतर'. मी आपलं नंतर, नंतर, नंतर... चालतंय ना? मग चालू द्या की!

आता माझं काम ते काय? पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, ती मी करतो. ती कुणी वाचत नाही, पण नसली की लोक चिडतात. त्याला असा कितीसा कॉम्प्युटर लागतो? तर प्रकाशनाच्या कचेरीतल्या बाईंचा फोन. "सर, तुमची फाइल आमच्याकडे उघडत नाही." मी म्हटलं, माझ्याकडे उघडते. "सर, ती आमच्याकडे उघडायला हवी." म्हटलं, मग या इकडे, उघडून दाखवतो! त्यावर बाई इतका वेळ गप्प राहिल्या की मला वाटलं, फोनपण जुना झाला. मग हळूच म्हणाल्या, "सर, पुढच्या पुस्तकाआधी बदलून घ्या हं, नाहीतर ते काम दुसऱ्या कुणाला तरी..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. चांगल्या घरच्या आहेत.

झालं! घरात सल्ल्यांचा पूर! मुलगी फोनवर, "बाबा, तो डबा फेका आणि नवा घ्या." मेहुणा तर दारातूनच सुरू. "भावोजी, अजून हेच वापरता? अहो, ती कंपनी सोडा! मी सांगतो ती प्रणाली टाका, तिला मालकच नाही! सगळ्यांची आहे ती!" मी म्हटलं, मग बिघडली की ओरडायचं कुणावर? "भावोजी, ती बिघडतच नाही!" आता जी बिघडत नाही, जुनी होत नाही, कुणाच्या मालकीची नाही, ती प्रणाली आहे की परमेश्वर? तोवर हा माझ्या खुर्चीत बसलासुद्धा, माउस ओढून उजवीकडे घेतला, केलं क्लिक... उघडली ती भलतीच यादी. पुन्हा क्लिक, पुन्हा यादी. "भावोजी, तुमच्या माउसला वेड लागलंय." मी म्हटलं, चालतंय ना? "कुठं चालतंय!"

मग त्यानंच दुरुस्तीवाला धाडला. गडी हुशार, पाठीला पिशवी, तोंडात "काका, दहा मिनिटं!" बसला. क्लिक, यादी. क्लिक, यादी. "काका, माउस गेला." पिशवीतून नवा काढला, लावला, क्लिक... यादी! त्यानं माउस उलटा करून पाहिला, खाली फुंकर मारली, माझ्याकडे पाहिलं. "काका, व्हायरस आहे." मी शेजारी बसून चहा पीत होतो. सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. तुम्हाला सांगतो, गेल्या दोन वर्षांत इतकी मजा मला आली नव्हती.

पंचवीस मिनिटांनी सापडलं त्याला. "अरे! काका, यात उजवं बटण डावं करून ठेवलंय कुणीतरी! थांबा, सरळ करतो." म्हटलं, हात लावू नको! असा दचकला बिचारा...

तर ते कुणीतरी म्हणजे आमची ही. ही डावखुरी. या टेबलावर बसून ती स्वयंपाकघरांचे आराखडे काढायची, ओटा कुठं, कपाटं कुठं, फडताळ कुठल्या उंचीवर. कॉम्प्युटर घरात आला त्याच दिवशी हिनं माउस डावीकडे घेतला, बटणं उलटी केली, आणि दुपारी माझी पाळी आली तेव्हा मी ओरडलो, अगं, हे काय करून ठेवलंस? तर मान वर न करता म्हणते कशी, "मी जन्मभर तुम्हा लोकांच्या हाताच्या कात्र्या वापरल्या. तुम्ही एक माउस वापरा." तिच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता, मी रोज पाहत होतो, आणि मला वाटायचं की काम करणाऱ्याच्या हाताला घट्टे असायचेच! दोन महिने लागले मला. पण शिकलो, डाव्या हातानं. दहा वर्षं एकच माउस, एकच खुर्ची, ती सकाळी, मी दुपारी. आता सकाळपण माझीच आहे.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, वरवर बदलून चालणार नाही, सगळं पुसून नवं टाकावं लागेल. तुमच्या फाइली काढून ठेवतो, सगळ्या परत मिळतील." आणि तिच्या? "काकूंच्यापण. सगळे आराखडे." आणि बटणं? "ती सरळ होतील ना, काका! तुमचाच फायदा!"

सांगा, आता करायचं काय? पुढचं पुस्तक पाचशे पानांचं, नदीकाठच्या पक्ष्यांवरचं, मला हवं होतं ते. म्हटलं, टाक बाबा.

दहा मिनिटं म्हणाला होता, दुपार गेली. जाताना तो नवा माउस ठेवून गेला, "काका, राहू द्या, जुना झिजलाय." मी बसलो. सवयीनं क्लिक केलं... यादी! जग सरळ झालं आणि मला एक फाइल उघडता येईना! मुलगी फोनवर हसते, "बाबा, आता तुमच्या हाताचं झालंय ना!" मी म्हटलं, ठेव फोन.

आणि पाऊण तास, हो, पाऊण तास, त्या नव्या प्रणालीच्या पोटात शिरून, नाकी नऊ आले, पण ती जागा शोधली. 'मुख्य बटण: डावं की उजवं?' केलं उजवं. माउस ठेवला डावीकडे. फक्त एक घोळ झाला, हा नवा माउस उजव्या हाताच्या घडणीचा, डाव्या हातात बसत नाही, अंगठ्याला टोचतो. आठवडाभरात कातडी लाल झाली. जुना माउस खणात आहे, काढला की झालं. काढला नाही अजून.

काल मेहुणा आला, विजयी मुद्रेनं. "पाहिलंत भावोजी? उगाच घाबरत होता!" बसला, माउस उजवीकडे ओढला, केलं क्लिक... यादी. "हे परत बिघडलं?" त्यानं माउसकडे पाहिलं, तो कुठल्या बाजूनं ओढून घेतला ते पाहिलं. मग उचलून पुन्हा डावीकडे ठेवला, सावकाश, होता तिथंच. "ताई लहानपणी माझ्या पतंगाचे कागदसुद्धा डाव्या हातानं..." म्हणाला आणि थांबला. मग उठला. "चालतंय ना, भावोजी?"

चालतंय.

"मग चालू द्या की."

आणि तेवढ्यात, काय सांगू तुम्हाला, कोपऱ्यात चौकोन! 'नवी आवृत्ती आली आहे.' अहो, आठवडा झालाय फक्त! आठवडा! असा संताप आला, 'नंतर' दाबायला घाईघाईत घातला मी हात... उजवा.

यादी उघडली.